एकतीस नंबरचा धूर

किलियान रोथलाइन जानेवारीत गेले. घर मुलीच्या नावावर झालं, तळघरातली वाइन झाली, भिंतीवरचं कधीच वेळेवर न चालणारं घड्याळही झालं. धूर तेवढा झाला नाही.

त्या गावात घर वेगळं आणि धूर वेगळा. मागच्या टेकडीवरचं जंगल सगळ्यांचं मिळून. दर हिवाळ्यात त्याचा एक तुकडा तोडून मोकळा करायचा, त्याच्या पट्ट्या पाडायच्या आणि चिठ्ठ्या टाकून त्या वाटायच्या. ज्या घराच्या धुराड्यातून स्वतःचा धूर निघतो त्या घराला एक पट्टी. लाकूड फुकट, घाम आपला. वहीत माणसांची नावं नव्हती. ‘घर नंबर एकतीस, एक धूर’ एवढंच लिहिलेलं होतं आणि किलियानच्या आजोबांच्या वेळीही तेवढंच होतं.

मात्र घरचा कर्ता गेला की धूर लटकायचा. मग संत योसेफच्या दिवशी, म्हणजे एकोणीस मार्चला, वारसाने त्या सालच्या पट्टीतल्या लाकडाने घरची चूल पेटवायची. जंगलसभेच्या प्रमुखाने एक साक्षीदार घेऊन रस्त्यात उभं राहायचं आणि धुराड्याकडे बघायचं. ठरल्यासारखं झालं तर वहीत नोंद. नाही झालं तर धूर विझला. विझलेला धूर परत मिळत नसे. पट्टी बाकीच्या घरांत वाटून टाकत.

नोटरीने कागद सारखे करत रोझविताला सांगितलं, “घर तुमचं. धुराचं मात्र मला विचारू नका. ते ओट्मार त्सेन्डर बघतात.”

“ते शेजारी आहेत आमचे.”

“मला कल्पना आहे,” नोटरी म्हणाला आणि पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर खरी सहानुभूती दिसली.

रोझविता बावन्न वर्षांची होती. शहरात एका शब्दकोशाच्या कचेरीत ती प्रूफं तपासायची. हे काम कुठेही बसून करता येतं, म्हणून बाबांच्या नंतर ती दोन बॅगा आणि अकरा खोकी पुस्तकं घेऊन गावी आली होती. तिला लाकडाची फार नड होती असं नाही. घरात विजेचा हीटर होता. पण गेले दोन महिने ती बाबांच्या नावाच्या गोष्टी एकेक करून बंद करत होती. फोन बंद, विमा बंद, वर्तमानपत्र बंद, गायनमंडळाची वर्गणी बंद. प्रत्येक कागदावर तिने सही केली होती, नेटकी, वळणदार. धूर बंद केल्याच्या कागदावर तिला सही करायची नव्हती. एवढंच होतं, पण तेवढं होतं.

*

ओट्मार त्सेन्डर शहात्तर वर्षांचे. उंच, वाळकुडे, कायम हिरव्या टोपीत. किलियानशी त्यांचं सत्तावीस वर्षं बोलणं बंद होतं. म्हणजे दोघंही तसं सांगत. प्रत्यक्षात ते कुंपणावरून रोज सकाळी भांडत, आणि एखाद्या दिवशी भांडण झालं नाही तर दुसरा आजारी आहे की काय म्हणून डोकावून बघत.

भांडण एका शब्दाचं होतं. त्या जंगलात दोन झाडं आहेत. एकाचं नाव एशे, दुसऱ्याचं एस्पे. एशे म्हणजे चुलीचं सोनं, ओलं असलं तरी जळतं. एस्पे म्हणजे चुलीचा छळ. वाळलेलं असलं तर कुरकुरतं आणि ओलं असलं तर नुसतं रडतं. सत्तावीस वर्षांपूर्वी ओट्मारच्या मुलीचं बारसं होतं. घरात पन्नास पाहुणे, मोठी भट्टी लावायची होती. त्यांनी कुंपणावरून किलियानला हाक मारून एक गाडी एशे मागितलं. किलियानने गाडी आणून ओतली. बारशाला जो धूर झाला त्यात धर्मगुरू जिना चुकले आणि बाळ त्याच्या आत्याऐवजी पोस्टमनच्या हातात गेलं.

“मी एशे म्हणालो होतो!” ओट्मार.

“तू एस्पे म्हणालास,” किलियान.

“कोण शहाणा बारशाला एस्पे मागेल?”

“मलाही नवल वाटलं. म्हटलं, असते एकेकाची आवड.”

तेव्हापासून ओट्मार गावभर सांगत की किलियानला एशे आणि एस्पे ओळखता येत नाही. आणि किलियान सांगत की ओट्मारला बोलता येत नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी ओट्मार वही घेऊन दाराशी आले. टोपी काढली. आत या म्हटलं तरी आले नाहीत.

“पोरी, नियम तुला माहीत आहेत?”

“थोडे. तुम्ही सांगा, काका.”

“किलियाननं झाडं तोडून, फोडून, ढीग लावून ठेवलेत. ते चालतं, घरच्याच माणसाचे हात आहेत. पण नोंद होईपर्यंत त्यातली ढलपीसुद्धा तुझी नाही. योसेफच्या दिवसासाठी एक हातगाडी भरून आणायची. एकच. चुलीत तेच लाकूड. कागद चालेल. जुनं, वाळलेलं लाकूड सापडलं तर मी नोंद करणार नाही. लाकूड कुठलं घ्यायचं ते वारसानं स्वतः ओळखायचं. गावातल्या कोणी नाव सांगितलं तर त्याचाही धूर मी वहीतून खोडीन.”

“आणि जंगलातच जरासं पेटवून बघितलं तर?”

“जंगलात काडी ओढलीस तर मी पोलिसांना बोलावीन.” मग जरा थांबून म्हणाले, “तुझ्या बापाला इतके नियम सांगावे लागायचे नाहीत. तो ऐकायचाच नाही.”

ते वळले. फाटकापाशी त्यांनी सवयीने कुंपणाकडे मान वळवून पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. त्यांनी टोपी घातली.

*

पट्टी ओढ्याकाठी होती. तोडलेला तुकडा दुरूनच उजेडाचा दिसत होता. खुंट पांढरे, मधे राखून ठेवलेले मोठे ओक, आणि कापलेल्या फांद्यांचे भारे. चिठ्ठीत बाबांना आलेल्या पट्टीची एकोणीस नंबरची खुंटी होती, तिच्यापलीकडे त्यांचे ढीग होते. रोझविता त्यांच्यासमोर बराच वेळ उभी राहिली. ढीग त्यांच्या स्वभावासारखेच लावलेले होते. पुढून एकदम सरळ, आणि मागे जिथे कोणी बघणार नाही तिथे कसेही.

प्रत्येक ढिगाच्या दर्शनी ओंडक्यावर खडूने झाडाच्या नावाची पहिली दोन अक्षरं लिहिलेली होती. ओक कळलं. लिंडे कळलं. मग दोन ढीग शेजारी शेजारी होते, एक रस्त्याकडे, एक ओढ्याकडे, आणि दोन्हींवर एकच लिहिलेलं होतं: ई, एस.

त्यांच्या लिपीत एशे लिहिताना पहिली दोन अक्षरं ई आणि एस. एस्पे लिहितानाही ई आणि एस.

रोझविताने आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुकलेल्या अक्षरांवर लाल पेन चालवलं होतं. तिने पिशवीतून चष्मा काढला, दोन्ही ओंडक्यांजवळ वाकून कुठे पुसलेलं तिसरं अक्षर दिसतंय का ते बघितलं. नव्हतंच. बाबांनी ते लिहिलंच नव्हतं. त्यांना गरज नव्हती.

“बाबा,” ती मोठ्याने म्हणाली, “तिसरं अक्षर लिहायला काय झालं होतं?”

मग तिने पिशवी पुन्हा उघडली.

तिने पुस्तकं आणली होती, तीन. पहिल्या पुस्तकात होतं की एशे कळीवरून ओळखावं, कळी काळी असते. पण कळ्या असलेल्या फांद्या सगळ्या एकाच भाऱ्यात, एकमेकींत गुंतलेल्या. काळ्या कळ्याही दिसत होत्या आणि तपकिरीही, पण कोणाची फांदी कुठल्या ओंडक्याची हे सांगणारं कोणी नव्हतं. दुसऱ्या पुस्तकात सालीचं वर्णन होतं. कोवळ्या एशेची साल गुळगुळीत, करडी-हिरवट. पान उलटलं. कोवळ्या एस्पेची साल गुळगुळीत, हिरवट-करडी. तिने ‘करडी-हिरवट’ आणि ‘हिरवट-करडी’ यांत फरक काय, याचा पाच मिनिटं विचार केला. संपादक म्हणून तिचं मत होतं की लेखकालाही माहीत नसावा. एस्पेच्या सालीवर शंकरपाळ्यासारखे ठिपके असतात असंही पुढे होतं, पण बाबांचे ओंडके चिखलातून ओढत आणलेले होते. दोन्ही ढिगांवर चिखलाचेच ठिपके होते.

तिसऱ्या पुस्तकात मात्र स्पष्ट लिहिलेलं होतं, आणि स्पष्ट लिहिलेल्या वाक्यावर तिचा विश्वास होता. ‘एशेचे लाकूड जड. एस्पेचे हलके.’

*

गावात नाव सांगायला बंदी होती, पण खुणावायला नव्हती. निदान लोकांनी तसं धरलं. बेकरीत पाव घ्यायला गेली तर फाइट बेकरवाल्याने पिशवी हातात देताना मुद्दाम डावा डोळा मिचकावला.

“डावीकडचा ढीग?” तिने हळूच विचारलं.

“मी काही बोललो नाही. डोळ्यात पीठ गेलंय.” योसेफच्या दिवसाचा साक्षीदार तोच होता.

त्याची बायको आतून ओरडली, “उजवीकडचा म्हण की सरळ!”

“अगं, ओढ्याकडून बघितलं तर डावीकडचाच!”

“ओढ्याकडून कोण बघतं? बाई रस्त्यानं जाणार ना!”

रोझविता पाव घेऊन निघाली तेव्हा आत अजून दिशांचा वाद चालू होता.

उरली क्रेसेन्स आत्या. ती बाबांची मोठी बहीण, त्र्याऐंशी वर्षांची, आणि त्याच घराच्या मागच्या खोलीत राहायची. म्हणजे घरचीच. तिने सांगितलेलं नियमात बसत होतं. पण जंगलात जाण्याइतके गुडघे तिला उरले नव्हते. रोझविताने फोनवर दोन्ही ढिगांचे फोटो काढून तिच्यासमोर धरले.

“आत्या, हे काय आहे?”

आत्याने फोन लांब धरला, जवळ धरला. “फोन.”

“फोनमधलं, आत्या.”

“अगं, लाकूड नाकानं ओळखायचं असतं, काचेनं नाही. तुझा बाप ओंडका फोडला की हुंगायचा. आणि मग मला हुंगायला लावायचा. मी म्हणायचे, मला सर्दी आहे.”

“मग डावीकडच्याचा वास कसला होता, काही म्हणाले होते ते?”

“म्हणाला होता ना! नाताळाच्या आदल्या दिवशी म्हणाला, यंदा रस्त्याकडचा ढीग बघ, काय सुरेख एछे आहे.”

“काय आहे?”

“एछे.”

“एशे की एस्पे?”

“तेच तर सांगतेय, एछे!”

आत्याची कवळी दुरुस्तीला गेली होती. दंतवैद्याने गुरुवारचा वायदा केला होता. योसेफचा दिवस बुधवारी होता.

“आत्या, एकदा नीट म्हण. ए... श...”

“मी नीटच म्हणतेय. तू नीट ऐक. तुझा बापही असाच होता.”

*

मंगळवारी सकाळी रोझविता हातगाडी ओढत जंगलात गेली. गाडीत स्वयंपाकघरातला वजनकाटा होता. केकचं पीठ मोजायचा, गुलाबी, वर ससा काढलेला. तिने दोन्ही ढिगांतून सारख्या लांबीचे, सारख्या जाडीचे तुकडे निवडले. दोरीने मापून घेतले. प्रत्येक ढिगाचे सहा. काटा खुंटावर ठेवला आणि आकडे वहीत उतरवू लागली.

मागून कुत्रा भुंकला. ओट्मार वाटेवर उभे होते.

“दुकान टाकलंस की काय? बटाटे कसे दिले?”

“ओळखतेय, काका. वारसानं स्वतः ओळखायचं, असं तुम्हीच म्हणालात.”

“काट्यावर?”

“वारसानं काटा वापरू नये असं लिहिलंय का वहीत?”

ओट्मार काही तरी बोलणार होते. तोंड उघडलं. मग त्यांना आपलाच नियम आठवला असावा, कारण त्यांनी तोंड मिटलं आणि ते कष्टाने मिटलेलं ठेवलं. कुत्र्यालाच म्हणाले, “चल बाबा. इथं अजून थांबलो तर माझाच धूर खोडावा लागेल मला.”

आकडे जवळजवळ सारखे निघाले. सहांपैकी चार वेळा ओढ्याकडच्या ढिगाचा तुकडा थोडा जड भरला. चार विरुद्ध दोन. तिने सहा-सहा तुकडे परत मोजले. पाच विरुद्ध एक. आता शंका उरली नाही. ओढ्याकडचं एशे. तिने हातगाडी तिथूनच भरली, व्यवस्थित, जडसे तुकडे खाली. वाटेत चढावर थांबून तिने एक तुकडा नाकाशी नेला. ओल्या पानांसारखा, किंचित कडवट वास आला. यालाच बाबा सुरेख म्हणत असतील, असं तिने ठरवलं. दुसऱ्या ढिगातला तुकडा हुंगायचं तिला सुचलं नाही.

पुस्तकाने एक गोष्ट सांगितली नव्हती, कारण ती सांगायची गरज आहे असं लेखकाला वाटलं नसावं. एशे जड आणि एस्पे हलकं, हे वाळल्यावर. ताजं असताना एस्पे इतकं पाणी पितं की ते एशेच्या बरोबरीला येतं आणि कधी कधी पुढेही जातं.

*

बुधवारी अकरा वाजता ओट्मार आणि फाइट रस्त्यात येऊन उभे राहिले. ओट्मारच्या हातात वही, फाइटच्या अंगावर पिठाचा एप्रन तसाच. आधी आत येऊन ओट्मारने चूल तपासली. लाकूड हातात घेतलं, उलटं केलं, नाकाशी नेलं. त्यांच्या भुवया टोपीत गेल्या.

“हेच?”

“हेच,” रोझविता म्हणाली. तिने बाबांचा लाकूडतोडीचा कोट घातला होता. बाह्या दोनदा दुमडून.

“नक्की?”

“पाच विरुद्ध एक.”

“ठीक आहे,” ओट्मार म्हणाले. त्यांच्या आवाजात काही तरी उकळत होतं. “तू म्हणतेस तर हेच.” आणि ते जरा घाईनेच बाहेर गेले.

तिने कागद पेटवला. कागद सुंदर जळला. लाकडाने त्याच्याकडे पाहिलं आणि काहीही केलं नाही. तिने आणखी कागद घातला. लाकडाच्या टोकांना फेस आला. मग ते सूं सूं करत शिट्टी वाजवू लागलं, आणि मग धूर आला. धुराड्यातून नाही. धुराडं जानेवारीपासून थंडगार पडलं होतं, त्याला धूर वर ओढायची आठवणच राहिली नव्हती. धूर आला चुलीच्या दारातून, चुलीवरच्या लोखंडी कड्यांच्या फटीतून, राखेच्या पेटीतून. स्वयंपाकघर भरलं, बोळ भरला, मागच्या खोलीतून आत्या ओरडली, “एछ्पे आहे ते! एछ्पे!”

“आता सांगतेस होय?”

“आता वास आला!”

बाहेर रस्त्यावर ओट्मार आणि फाइट माना वर करून उभे होते.

“खिडकीतून येतोय,” फाइट म्हणाला.

“खिडकी म्हणजे धुराडं नाही.”

“दारातूनही येतोय.”

“मला दिसतंय.”

“पत्रपेटीतूनसुद्धा येतोय, ओट्मार. धुराडं सोडून सगळीकडून येतोय.”

ओट्मार कधी नव्हे ते हसत होते. आधी टोपीखाली, मग मोकळेपणाने. “एस्पे!” ते ओरडले. “एस्पे आणलंय! सत्तावीस वर्षं मी काय सांगत होतो? रोथलाइनांना ओळखता येत नाही! बापाला आलं नाही, लेकीला आलं नाही! ऐकलंस का, कि...”

ते कुंपणाकडे वळले होते. हात वर होता, बोट रोखलेलं. कुंपणापलीकडे फक्त धूर होता.

हात खाली यायला वेळ लागला. फाइटने दुसरीकडे बघत एप्रनवरचं पीठ झटकलं.

“आता कोणाला सांगू?” ओट्मार म्हणाले. हे कोणालाच उद्देशून नव्हतं.

आत रोझविताचे डोळे वाहत होते आणि याचं कारण विचारायची कोणाला गरज वाटली नसती. आत्या भिंतीला धरत बोळातून आली, तोंडावर एप्रन धरून.

“धुराडं थंड आहे, बाई. धुराडं झाडायला वर जे झाकण आहे ते उघड आणि त्यात कागद जाळ. भरपूर. मग ते ओढायला लागेल. दर पानगळीला तुझा बाप करायचा.”

वर्तमानपत्र तर तिने स्वतःच बंद केलं होतं. घरात जाळण्याजोगा कागद उरला होता तो एकच. तिने खोलीतून शब्दकोशाच्या प्रूफांचा गठ्ठा आणला. तिसरं वाचन, दोनशे पानं, प्रत्येक पानावर लाल पेन. क्षणभर तिने हिशोब केला की कचेरीत दुसरी प्रत मागता येईल. मग झाकण उघडलं आणि शब्द मूठमूठ करून आत कोंबले. आग भसकन वर गेली. धुराड्याने एक खोल श्वास घेतला. चुलीच्या दारातला धूर थबकला, मागे वळला आणि एकदम सगळा आत खेचला गेला.

बाहेर फाइट म्हणाला, “अरे बापरे.”

एकतीस नंबरच्या धुराड्यातून जाड, पिवळट-पांढरा खांब निघाला. तो आधी सरळ वर गेला, मग वजन न पेलून वाकला, ओट्मारच्या छपरावर बसला, तिथून चर्चकडे निघाला. पलीकडच्या गल्लीत कोणी तरी वाळत घातलेले कपडे घाईघाईने काढू लागलं.

रोझविता दारात आली. चेहरा काळा, चष्मा पांढरा.

“झालं,” ओट्मार म्हणाले. गंभीर व्हायचा प्रयत्न करत होते. “वाईट वाटतं, पोरी. पण हा काही जाळ नाही. लाकूड जळतच नाहीये. मी नोंद करू शकत नाही.”

“काका, नियम वाचा.”

“मला पाठ आहे.”

“पाठ असलेलंच चुकतं. माझं कामच ते आहे. वाचून दाखवा.”

ओट्मारने वही उघडली. पहिलं पान जुनं, अक्षर किरटं. बोट ठेवून वाचू लागले, “वारसाने योसेफच्या दिवशी, त्या सालच्या पट्टीतील लाकडाने, घराच्या धुराड्यातून... स्वतःचा...” ते थांबले.

“स्वतःचा काय?”

“धूर,” ओट्मार म्हणाले.

“जाळ कुठे आहे?”

त्यांनी ओळीवरून बोट पुढे नेलं, मागे आणलं. पान उलटून पाहिलं. “जाळ... नाही लिहिलेला.”

“धूर दिसतोय का?”

फाइट खोकत म्हणाला, “साक्षीदार म्हणून सांगतो, मला दुसरं काही दिसतच नाहीये.”

ओट्मारने पेन काढलं. वहीचं पान धुरात धरून, डोळे बारीक करून त्यांनी लिहिलं. मग रोझविताला दाखवलं, कारण तिने हात पुढे केला होता आणि तिला प्रत्येक लिहिलेली गोष्ट तपासायची सवय होती. ‘घर नंबर एकतीस. एक धूर.’ त्यापुढे स्वल्पविराम देऊन, जरा थांबून, त्यांनी आणखी एक शब्द घातला होता: ‘मोठा.’

“हा शब्द नियमात नाही,” ती म्हणाली.

“मग काप लाल पेनानं.”

तिने कापला नाही.

*

प्रथेप्रमाणे प्रमुखाला आणि साक्षीदाराला वाइन, सॉसेज आणि आंबट कोबी द्यायचा होता. स्वयंपाकघरात उभं राहण्यासारखी स्थिती नव्हती, म्हणून टेबल अंगणात आणलं. सॉसेजला धुराची चव होती. आत्याला कवळी नसल्यामुळे तिने कोबी आणि वाइनवर भागवलं, पैकी वाइनवर जास्त.

“त्याला ओळखता यायचं,” ओट्मार एकदम म्हणाले. ग्लासकडे बघत होते. “किलियानला. डोळे बांधून दिलं तरी यायचं. त्या बारशाला त्यानं मुद्दाम केलं होतं.”

“कशावरून?” रोझविताने विचारलं.

“कारण आदल्या आठवड्यात मी त्याच्या बोक्यावर पाणी मारलं होतं.”

फाइट हसून ठसकला. आत्या शांतपणे म्हणाली, “बोका माझा होता.”

दुपारी धूर निवळला. आता पट्टी एकतीस नंबरची होती, सगळी. रोझविता हातगाडी घेऊन परत जंगलात गेली आणि रस्त्याकडच्या ढिगातून गाडी भरली. या खेपेला तिने दोन्ही ढिगांतला एकेक तुकडा नाकाशी नेला. फरक होता. काय, ते तिला शब्दांत सांगता आलं नसतं, आणि शब्दांत न सांगता येणारं काही आपल्याला कळलंय याची तिला सवय नव्हती. कोटाच्या खिशात बाबांचा खडू होता, अंगठ्याएवढा उरलेला. तिने तो काढला, ओढ्याकडच्या ओंडक्यासमोर वाकली, तिसऱ्या अक्षराची जागा बघितली. मग खडू परत खिशात टाकला.

संध्याकाळच्या आधी चूल पेटली. त्या लाकडाने फारशी कटकट केली नाही. जरा सूं सूं केलं आणि जळू लागलं, ओलं असून. धुराड्यातून बारीक निळसर रेघ निघाली. रोझविता ती बघायला अंगणात आली.

कुंपणापलीकडे ओट्मार कुत्र्याला घेऊन उभे होते. तेही वरच बघत होते.

“हं,” ते म्हणाले. “हे बघ. हे एशे.”

रोझविताने बाबांच्या कोटाच्या बाह्या सारख्या केल्या. कुंपणाजवळ गेली. कानामागे हात धरला.

“काय म्हणालात, काका?”

“एशे म्हणालो.”

“एस्पे?”

ओट्मारने तिच्याकडे रोखून पाहिलं. मग हळूहळू त्यांच्या मानेवर, कानांवर, टोपीच्या कडेपर्यंत जुना लाल रंग चढला.

“एशे!” ते गरजले. कुत्रा दचकला. “ए! शे! कान आहेत की भोकं?”

“मलाही नवलच वाटलं,” ती म्हणाली. “म्हटलं, असते एकेकाची आवड.”

“उद्या सकाळी बोलू आपण!” ओट्मार ओरडले आणि काठी आपटत घराकडे निघाले. दारापाशी थांबून त्यांनी परत एकदा मागे पाहिलं, ती अजून तिथेच आहे ना, याची खात्री करायला.